न्हाणीघराचं मागचं दार

आम्ही त्या बंगल्यात राहायला गेलो तेव्हा त्याचं पुढचं दार उघडतच नव्हतं, आणि आम्हीही ते उघडायच्या भानगडीत पडलो नाही. जाड सागवानी दार, किती पावसाळे खाऊन फुगलेलं आणि चौकटीत गच्च बसलेलं. आमच्या आधी तिथे राहून गेलेल्या अधिकाऱ्यांचा वावरही मागूनच असायचा, चौकातून. ज्या इंग्रजाने हे घर बांधलं त्याने सगळी ऐट पुढच्या बाजूला केली होती. गाडी थेट पायरीशी लागावी म्हणून दगडी कमानींचा पोर्च, त्याच्या दोन्ही अंगांना बाहेर डोकावणाऱ्या काचेच्या खिडक्या, समोर हिरवळ. घराला खरोखर लागतं ते सगळं त्याने मागे लपवलं होतं, म्हणजे स्वयंपाकघर, विहीर, तबेला आणि नोकरांच्या खोल्या. आम्ही आलो आणि घर उलटं वापरायला लागलो. आमची चूल मागे, पाटा-वरवंटा मागे, पापड-कुरडया मागे, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पाही मागेच. पुढच्या दिवाणखान्यात उन्हाळ्यात कांदे पसरलेले असत. साहेबाने पाहिलं असतं तर त्याला फेफरं आलं असतं.

घर त्र्यंबक रस्त्याला, तेव्हाच्या नाशिकच्या बाहेर. काळ्या घडीव दगडाचं आणि उंच. छप्पर इतकं उभं उतरतं की त्यावर माकडंसुद्धा बेताने चालत. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, एकदा म्हणाले की असं छप्पर बर्फ घसरून पडावं म्हणून करतात. नाशिकला बर्फ कुठलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बर्फ नाही पडत, पण त्याच्या डोक्यात पडत असणार. घरची आठवण येत असेल बिचाऱ्याला." प्रत्येक खोलीत भिंतीतली शेकोटी होती आणि तिच्यावर दगडी फळी. दिवाणखान्यातल्या फळीवर आईने बुद्धाची मूर्ती ठेवली होती. पौष महिन्यात वारा सुटला की धुरांडी घुमायची आणि धाकटा बाळू आईला चिकटून झोपायचा. स्वयंपाकघराच्या बोळात पितळी घंटा ओळीने टांगलेल्या होत्या आणि प्रत्येक खोलीतून एकेक तार तिथवर आलेली. बऱ्याच तारा तुटल्या होत्या, दोन मात्र शाबूत होत्या. बाळू अंथरुणात पडल्या पडल्या साखळी ओढायचा आणि बोळात घंटा वाजायची. मग आईचा आवाज यायचा, "साहेब, हातपाय मोडले का? उठा आणि पाणी हाताने घ्या."

पण आमचं सगळं आयुष्य गेलं ते चौकात. तीन बाजूंना घर, चौथ्या बाजूला उंच भिंत आणि त्या भिंतीत घोडागाडी आत येईल एवढी कमान. कमानीच्या डोक्यावर गोल भोक होतं, तिथे म्हणे घड्याळ बसायचं होतं. ते विलायतेहून निघालं की नाही कोण जाणे, पोचलं मात्र नाही. आमच्या काळात त्या भोकात पारव्यांनी संसार थाटला होता. तबेल्याच्या भिंतीला घोडे बांधायच्या लोखंडी कड्या होत्या, आईने त्यांतून दोरी ओवून कपडे वाळत घातले. चौकाची फरशी अशा उताराची की कुठेही तांब्याभर पाणी ओतलं तरी ते आपली वाट काढत भिंतीकडेच्या दगडी नालीत जायचं. दादा पाटाच्या खात्यात होते, पाण्याचा उतार हा त्यांच्या भाकरीचा विषय. ते त्या फरशीचं फार कौतुक करायचे. निजायच्या चार खोल्यांना चार न्हाणीघरं होती, आणि प्रत्येक न्हाणीघराला चौकात उघडणारं एक बुटकं दार. आम्ही तिथे अंघोळ करत नसू. आधीच्या कुणीतरी विहिरीजवळ पत्र्याची न्हाणी उभी केली होती, तीच सोयीची होती. साहेबाच्या न्हाणीघरांत गोवऱ्या, सायकलची जुनी चाकं, असलं काहीबाही पडलेलं असे. लपाछपीला मात्र ती बुटकी दारं फार उपयोगी पडत.

दादांना गंगापूर रोडकडे नवं क्वार्टर मिळत होतं. घरात नळ, विजेचे दिवे, शेजारपाजार. ते सोडून त्यांनी हा बंगला मागून घेतला. कचेरीत लोक हसले. भूतबंगल्यात कोण राहतं, असं म्हणाले. आईने विहिरीतून पाणी ओढता ओढता बरंच काही ऐकवलं. दादा एवढंच म्हणायचे, "आक्कासाठी घेतलंय."

आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, माझी आत्या. दादांना नावाने, किसन म्हणून, हाक मारणारी ती एकटीच. आई-वडील पटकीने एकापाठोपाठ गेले तेव्हा दादा जेमतेम चालायला लागलेले होते, आणि आत्या अकरा-बारा वर्षांची असेल. तिने दादांना वाढवलं. लग्न झालं, टिकलं नाही, पण दादांची शाळा तिने टिकवली. ती आमच्या गावी राहायची, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, आणि मिळेल तिथे कांदे निवडायला, द्राक्षाच्या बागेत खुडायला जायची. पण त्याआधी, अगदी पोरवयात, ती काही वर्षं नाशिकला त्या बंगल्यात कामाला होती. त्यांचा एक मामा तिथे घोड्यांकडे होता, त्याने तिला नेलं. दादांना शेजारच्या म्हातारीकडे ठेवायचं, महिन्याने गावी यायचं, धान्य भरायचं आणि परत जायचं, असा तिचा क्रम होता. येताना फडक्यात बांधून साखरेचे चौकोनी खडे आणायची.

आली की दादा तिला विचारायचे, बंगला कसा आहे. आणि ती सांगायची. तिथे भिंतीत चूल असते, पण तिच्यावर शिजवत नाहीत, नुसतं शेकतात. खिडकीत बसायला गादी असते. साखळी ओढली की लांब घंटा वाजते आणि माणूस धावत येतं. उपाशीपोटी झोप येत नसे तेव्हा दादा ह्या बंगल्यात फिरून यायचे. मोठे होऊन साहेब झाल्यावर त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की होती. ज्या घरात आक्का राबली त्याच घरात आक्का गादीवर बसेल. खात्याच्या यादीत त्या बंगल्याचं नाव दिसल्यावर त्यांना नवं क्वार्टर दिसेनासंच झालं. ही चूक आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. आमच्यासारख्यांच्या घरात मान म्हणजे काय ते असंच मोजलं जायचं, जिथे वाकलो तिथेच ताठ उभं राहायचं.

आत्या मात्र आली नाही. दादा पहिल्यांदा न्यायला गेले तेव्हा कांद्याची काढणी होती. दुसऱ्यांदा शेळी व्यायला आली होती. तिसऱ्यांदा म्हणाली, गाडी लागते. एरवी तीच बाई आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत असताना डोक्यावर हुलग्याच्या पिठाची पिशवी घेऊन एसटीने यायची, आणि आल्या आल्या शेंगोळी करायला बसायची. तिच्या हातची शेंगोळी लसणाने झणझणीत असायची, खाताना नाकडोळे वाहायचे आणि तरी आम्ही ताट चाटायचो. ते सगळं बंगल्यात आल्यापासून बंद झालं. दादांनी तिच्यासाठी पुढच्या खिडकीत गादी शिवून घातली होती. ती तशीच राहिली, तिच्यावर मांजर झोपू लागलं.

मग तिला दम लागायला लागला. वर्षानुवर्षं कांद्याचं फोलपट आणि धूळ छातीत गेली होती. डॉक्टर म्हणाले, गावात ठेवू नका, नाशिकला उपचार चालू राहायला हवेत. दादा परत गेले आणि परत एकटे आले. त्या दिवशी ते चौकात उभे राहून आईला म्हणाले, "तू तिला काही बोललीस का?" आई पीठ मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. पण कणकेवर बुक्क्या बसायला लागल्या. "मी काय बोलणार? मी बोलले असते तर तुम्हाला चार गावांपलीकडे ऐकू आलं असतं." दादा म्हणाले, "मग ती येत का नाही? दोन खोल्यांत येत होती. आता एवढं घर आहे तर येत नाही." आई म्हणाली, "ते मला कशाला विचारता." त्यानंतर घरात जेवणं शांततेत होऊ लागली. ती शांतता मला आवडत नसे. आई-वडिलांची रोजची कुरबूर बरी, ती चालू असली की पोराला सगळं ठीक आहे असं वाटतं.

आठवडाभरात आईने मला सोबत घेतलं आणि आम्ही पिंपळगावच्या गाडीत बसलो. मी तेव्हा आठवीत होते. तिथून गावाकडे पायी. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, त्यांची छाटणी झालेली, नुसत्या काड्या राहिलेल्या. आत्याची एक खोली होती, शेणाने सारवलेली, दारात शेळी. ती भिंतीला टेकून बसली होती. श्वास घेताना तिचे खांदे वर जात होते. तिने मला जवळ घेतलं, गूळ दिला आणि आईला म्हणाली, "बस. दमली असशील."

आई बसली नाही. "आक्का, मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "पण खरं सांगा. माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकंल बाई."

"मग येत का नाही? घरात ते माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांना वाटतं, मीच तुम्हाला तोडलं."

आत्याने विचारलं, "त्या घरात मी काय काम करायची, किसननं काय सांगितलं तुला?"

"झाडलोट. घोड्यांना गवत."

"गवत मामा कापायचा." आत्याने माझ्याकडे पाहिलं. मला बाहेर पाठवावं असं तिच्या मनात आलं असावं, पण तिने पाठवलं नाही. "मी न्हानीच्या मागल्या दारानं मैल्याचे डबे काढायची. साहेबाचे, मडमेचे, पाव्हन्यांचे. काठीनं दार वाजवायचं आन भिताडाकडं तोंड करून उभं ऱ्हायाचं. आतून कडी निघाली, पावलं लांब गेली, का मंग वाकून आत जायाचं. डबा उचलायचा, मोरी धुवायची, भाईर यायचं. समोर एक आतलं दार असायचं, त्याच्या पल्याड खोली. ते दार माज्यासाठी कवा उघडलं नाय."

आई खाली बसली.

"आपलं काम नव्हं ते," आत्या म्हणाली. "भावकीत कळलं असतं तर आपल्याच मान्सांनी मला पंगतीतून उठवलं असतं. पन दुसरं काम नव्हतं, आन किसन हितं भुका होता. मामाला शपथ घातली व्हती, कुनाला बोलू नको. मामा गेला. आता तुला ठावं."

"मग ते साखळीचं, गादीचं?"

"बटलर सांगायचा. मी आत कवा गेले? तो सांगायचा ते मी किसनला सांगायची. लेकरू भुकेनं रडायचं, त्याला काय डब्याची गोष्ट सांगू?" तिला धाप लागली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती शांत झाल्यावर आई म्हणाली, "आम्ही ते घर सोडतो."

"नको. त्यानं हौसंनं घेतलं. ते घर त्याच्या डोक्यात मीच घातलं, त्याची काय चूक?"

"मग मी त्यांना सांगू तरी काय? मी काही पोटात ठेवणारी बाई नाही, आक्का. तुम्हाला माहीत आहे."

आत्या हसली. हसताना परत खोकली. "ठावं हाय म्हनून तर तुला सांगितलं," ती म्हणाली.

परतताना ओझरला गाडी थांबली तेव्हा आईने मला पेरू घेऊन दिला आणि स्वतः पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत बसली. माझी आई रडायची ती नेहमी आवाज करून, सगळ्यांना ऐकवून. अशी रडताना मी तिला त्याच दिवशी पाहिलं.

दादा चौकात सायकल पुसत होते. आईने उभ्या उभ्याच सांगितलं, काही गाळलं नाही आणि काही वाढवलं नाही. दादांनी हातातलं फडकं सायकलच्या दांडीवर ठेवलं, चौक ओलांडून गेले आणि एका बुटक्या दारासमोर उकिडवे बसले. त्या दारातून ते आमचा चेंडू काढायला कितीदा तरी वाकून आत गेले होते. ते दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "किती बुटकं केलंय." ते त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

जुनी घरं पाहून हळहळणाऱ्या लोकांचा मला राग येतो, तो तेव्हापासून. काय दगडकाम, काय कमानी, आता असं कोण बांधतं, असं कुणी म्हणालं की मी उठून दुसरीकडे जाते. काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा तिने हौसेने मला तसंच एक घर दाखवायला नेलं. तिकीट काढून बघायचं घर. आमच्या बंगल्याची थोरली बहीणच होती ती. तोच पोर्च, त्याच फुगलेल्या खिडक्या, मागे तोच फरसबंद चौक, तबेल्याला कड्या, कमानीवर घड्याळ, आणि हे चालू होतं. एक सभ्य म्हातारी बाई माहिती सांगत होती. नोकरांसाठी वेगळा जिना, वेगळा बोळ, घंटांची ओळ, म्हणजे वरच्या माणसांना ते दिसू नयेत. मी मुलीला म्हटलं, तिला विचार, न्हाणीघरांना बाहेरून दारं आहेत का. बाई म्हणाली, नाही, बाहेरून कशाला? मला उत्तर मिळालं. तिथले नोकर चोरवाटेने का होईना, घरात येत होते. आमच्याकडे आल्यावर साहेबाने घर तेच बांधलं, आणि इथल्या लोकांकडून एक गोष्ट शिकून त्याला एकेक दार जास्तीचं ठेवलं. घरात पाऊल न टाकता घर साफ करून जायची सोय. ही कल्पना विलायतेची नव्हती. ती आपली होती, त्याने फक्त दगडात बसवून दिली.

दादांनी दुसऱ्याच दिवशी घर बदलून मागितलं. पुढच्या बदल्यांच्या वेळी बघू, असं उत्तर मिळालं. नवं क्वार्टर एव्हाना दुसऱ्याला गेलं होतं. ते संध्याकाळी सायकल घेऊन भाड्याच्या खोल्या बघत फिरायला लागले. आडनाव सांगितलं की बऱ्याच खोल्या आधीच गेलेल्या निघायच्या. तेवढ्यात थंडी वाढली आणि एका सकाळी आत्याला गावातल्या लोकांनी कांद्याच्या टेंपोत घालून नाशिकच्या दवाखान्यात आणलं. ती निळी पडली होती. दादा तिच्या उशाशी बसून राहिले, आई डबा घेऊन जायची आणि मी बाळूला सांभाळायची. ती वाचेल की नाही हे आम्हाला कुणी सांगत नव्हतं. मी बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून विनवण्या केल्या. बुद्ध नवस घेत नाही हे मला माहीत होतं, तरी केल्या.

ती वाचली. घरी न्यायची वेळ आली तेव्हा मीही दवाखान्यात होते. दादा आत्याशी बोलताना गावचंच बोलायचे. ते म्हणाले, "आक्का, मी खोली बघतोय. चार दिवसांत मिळंल. तवर हितंच ठेवून घ्या म्हनून सांगतो डाक्टरांना."

"चार दिस मी ह्यांची खाट अडवू व्हय?" आत्या म्हणाली. "तुझं घर हाय ना? तिथं ने."

दादा खाली बघत आईचं नाव घेऊन म्हणाले, "सुमननं सांगितलं मला."

"सांगनारच व्हती ती." आत्याने पांघरूण बाजूला सारलं. "येते मी. पन मागून नेऊ नको, किसन. तेवढं मला व्हनार नाय."

त्याच दिवशी दादांनी सुतार आणला. पुढचं दार मोकळं करायला त्याला अर्धा दिवस लागला. फटीत पटाशी घालून वरून तासलं, खालून तासलं, बिजागऱ्यांत तेल सोडलं, तरी ते हलेना. शेवटी सुतार, दादा आणि आई, तिघांनी आतून खांदे लावले आणि ते करकरत बाहेर गेलं. इतक्या वर्षांनी दिवाणखान्यात दारातून ऊन आलं. सगळीकडे धूळ आणि कोळिष्टकं दिसायला लागली. आईने कांदे आवरले, जमीन तीनदा पुसली, मांजराला गादीवरून हाकललं. नंतर मी बोळातून जात होते तेव्हा पाहिलं, तिने स्टुलावर चढून त्या पितळी घंटांच्या आतल्या लोलकांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. एकही घंटा वाजली नसती. तिने हे कुणाला सांगितलं नाही, पोटात न ठेवणाऱ्या बाईने.

टांगा पोर्चमध्ये पायरीशी लागला. दादांनी आत्याला हात दिला. ती पायरीवर उभी राहून जरा दमली, मग त्या उघड्या दारातून आत आली. आत आल्यावर तिने एक हात भिंतीला लावला आणि तो भिंतीवरून तसाच फिरवत दिवाणखानाभर चालली. शेकोटीपाशी थांबली, मूर्तीला हात जोडले. खिडकीतल्या गादीकडे पाहिलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. "आत आसं हाय व्हय," ती म्हणाली. "मी सांगायची त्याच्यापरीस बारकंच हाय, किसन." दादा हसायला गेले आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. ते तिथेच, सुताराने टाकलेल्या भुशात, खाली बसून रडले. आत्याने त्यांना रडू दिलं.

खाट तिची दिवाणखान्यातच टाकली. एकाही निजायच्या खोलीत तिला घालायला आईचा जीव होईना, कारण प्रत्येकीला ते न्हाणीघर होतंच. आई तिला खाटेवर बसवून ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. चौकात आत्या गेली नाही. स्वयंपाकघराच्या बोळापर्यंत आली तरी परत फिरायची. ती राहते की जाते, हे अजून ठरलं नव्हतं. दादा रोज तिच्या तोंडाकडे बघूनच कचेरीत जायचे आणि आल्यावर आधी ती आहे ना ते पाहायचे. तिला जरा बरं वाटायला लागलं तशी ती गावची, शेळीची गोष्ट काढायची, आणि आई घाईने दुसरा विषय काढायची.

एके सकाळी ती आईला म्हणाली, "आज न्हाते मी. डोक्यावरून."

आई म्हणाली, "बाहेर पत्र्याच्या न्हाणीत वारं लागेल. इथेच घंगाळ आणते, खोलीत."

"खोलीत कशाला? साहेबाची न्हानी हाय की."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग कडेच्या न्हाणीघरातल्या गोवऱ्या बाहेर काढल्या, फरशी घासली, चुलीवर मोठं पातेलं चढवलं. कढत पाण्याच्या दोन बादल्या आत ठेवल्या, पाट ठेवला. आत्या खोलीतून, आतल्या दाराने, न्हाणीघरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मी शाळेचं दप्तर घेऊन चौकात उभी होते. दादा कचेरीच्या कपड्यांत, सायकल काढत होते. आतून तांब्याचा आवाज यायला लागला, एक, मग जरा थांबून दुसरा. मोरीच्या भोकातून पाणी बाहेर आलं, पण नालीत जाईना. तिथे कितीक वर्षं कुणी न्हालं नव्हतं, त्या बाजूची नाली माती आणि पाचोळ्याने बुजलेली होती. पाणी बुटक्या दारासमोर फरशीवर साचायला लागलं, शिकेकाईचं, मळकट. दादांनी सायकल भिंतीला लावली. पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि दारासमोर उकिडवे बसून नाली मोकळी करायला लागले. खराट्याने निघेना तेव्हा हाताने गाळ उपसून बाजूला टाकू लागले.

आतला तांब्या थांबला. "कोन हाय तिकडं?" आत्याने विचारलं.

"मी हाय, आक्का. किसन."

"काय करतो?"

"नाली तुंबलीय. तुझं पानी काढून देतोय."

आई पिठाचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादा तसेच बसून होते, कोपरापर्यंत हात काळे झालेले, मान त्या दाराकडे. मला वाटलं, आत्या आता दार उघडेल आणि म्हणेल, मला गावी पोचव.

मग तिचा आवाज आला. तो मोठ्या बाईने लहान पोराला दटावताना असतो तसा होता.

"मंग दारापुढं नको बसू. बाजूला हो. हितनं पानी एकदम येतं, समदं तोंडावर उडतं."

"उडू दे," दादा म्हणाले. "तू ओत, आक्का." आणि ते तिथेच बसून राहिले.